वेसाव्याच्या समीक्षाने काढलेली हद्द

वेसाव्याच्या कोळीवाड्यात कुणाला घर विचारलं, तर माणूस हात करून म्हणतो, "सरल जा, पुढं इचार." समीक्षाला या उत्तराचा भारी राग. ती मरोळच्या एका कुरियर कंपनीत पत्ते दुरुस्त करायच्या कामाला होती. अंधेरीतल्या टॉवरांचे मजलेसुद्धा तिच्या कॉम्प्युटरवर दिसत आणि तिचं स्वतःचं गाव मात्र त्यात एक राखाडी डाग. ना गल्ली, ना देऊळ, ना बंदर. पिढ्यान्‌पिढ्या नांदतं गाव आणि नकाशात त्याचा पत्ता नाही म्हणजे काय!

मग तिला कुणीतरी सांगितलं, की सगळ्या जगाचा एक फुकटचा नकाशा आहे. देशोदेशीची हौशी माणसं मिळून तो काढतात, आणि ज्याला वाटेल त्याने त्यात हात घालावा. झालं! दोन वर्षं ही बाई सुट्टीच्या दिवशी फोन हातात धरून गल्ल्या तुडवत होती. बोंबील वाळवायच्या जागा, बर्फाचा कारखाना, होड्या ओढायची वाळू, सार्वजनिक नळसुद्धा तिने सोडले नाहीत. तिची आई अंजनाबाई बाजारात मासळी घेऊन बसायची. ती कपाळाला हात लावून म्हणायची, "आमाला ठावं हाय नल कुठं हाय तो. तू कुनाला दाखवतंस गो?"

पण हौशी मंडळींत समीक्षाचं नाव झालं. रविवारी अंधेरीत ती नव्या लोकांना शिकवू लागली. त्यात मुलुंडचा चैतन्य होता, शांत, चष्मेवाला, मान खाली घालून सगळं टिपून घेणारा. त्या मंडळींत सगळ्यात मोठी भांडणं व्हायची ती देशांच्या हद्दींवरून. नकाशा सगळ्यांचा, त्यामुळे सकाळी एकाने रेघ ओढायची, दुपारी दुसऱ्याने ढकलायची, वर एकमेकांच्या आयाबहिणी काढायच्या. म्हणून तिथल्या जुन्या जाणत्यांनी एक नियम घालून दिला होता. कोणाचा दावा कुठवर आहे ते बाजूला नोंदवा. ठळक रेघ मात्र प्रत्यक्ष पहारा कोणाचा आहे त्याप्रमाणे काढा.

हा नियम शिकवताना समीक्षा मास्तरीण व्हायची. "आपल्याला काय हवंय ते काढायचं नाही. तिथं गेलास तर तुला कोण अडवेल, ते काढायचं," असं ती सांगायची. एखाद्या देशभक्ताने घरबसल्या हद्द चार कोस सरकवली, की ही तासाभरात ती जागेवर आणून ठेवायची आणि खाली दोन ओळींची कोरडी चिठ्ठी लिहायची. दुसऱ्याच्या भावना बाजूला ठेवायला अक्कल कमी लागते. आपल्या ठेवायची वेळ आली, की माणसाचा कस लागतो.

तिच्यावर ती वेळ आली बापामुळे.

हरेश्वर म्हणजे वेसाव्यातला नावाजलेला तांडेल. तांडेल हा बोटीचा कप्तान. पाणी, वारा आणि हद्द या तिन्हींची जबाबदारी त्याच्या डोक्यावर. इथल्या पाण्यात मासळी उरली नाही, तेव्हा हरेश्वर हंगामापुरता गुजरातेत ओख्याच्या एका बोटीवर तांडेल म्हणून जाऊ लागला. बरोबर गावातलेच चार खलाशी नेले. कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाच्या खाडीच्या तोंडापुढचं पाणी गढूळ आणि मासळीचं. पण तिथं दोन्ही देशांचे दावे एकमेकांवर पडलेले, दोघांनी मान्य केलेली रेघ नाही. एका पहाटे पलीकडच्या गस्तीच्या जहाजाने बोट पकडली. पाचही जण तिकडच्या तुरुंगात गेले. तीन वर्षांनी चार खलाशी सुटून आले. हरेश्वर आला नाही. त्याआधी सात महिने तो तिथंच आजाराने गेला होता, आणि त्याचं प्रेत घरी यायला दीड महिना लागला. पेटी उघडू दिली नाही. अंजनाबाईने पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "यवढा लहान व्हता का गो तो?"

दुःख तेवढ्यावर थांबलं असतं तरी माणसाने सोसलं असतं. पण गावाला कुणीतरी दोषी लागतो. सुटून आलेल्यांपैकी शिवदास छाती धरून खोकत घरी पडून राहिला, कुणाशी बोलेना. त्याची बायको सुगंधा बाजारात अंजनाबाईच्या समोरच बसायची. एके दिवशी गिऱ्हाइकावरून कुरबुर झाली आणि सुगंधाच्या तोंडून निघून गेलं, "तुज्या घोवाला हद्द ठावं नव्हती, तर माज्या मानसाला कशाला न्यायचा? पापलेटाच्या हावंनी गेला, आनि चार घरं बुडवली!"

भर बाजारात. तांडेलाला सगळं म्हणा, चोर म्हणा, दारुडा म्हणा. त्याला पाणी कळत नव्हतं असं म्हणू नये. त्या दिवशी अंजनाबाई घरी आली, टोपली न धुता तशीच ठेवली आणि लेकीपुढे बसली.

"तू जगाचा नकाशा काढतंस ना? मंग दाखव त्यांना. तुजा बाप आपल्या पान्यात व्हता."

समीक्षाने नकाशा उघडला. खाडीच्या तोंडापर्यंत हद्दीची रेघ होती; पुढे समुद्रात काहीच नव्हतं. पकडायच्या आधी हरेश्वरने वायरलेसवर आपली जागा जोडीच्या बोटीला सांगितली होती. ती मिळावी म्हणून तिने ओख्याच्या मच्छीमार संघटनेच्या माणसाला फोन केला. तो बिचारा भला. त्याने वहीच्या पानाचा फोटोच पाठवला. त्यावर हरेश्वरच्या बोटीचे आकडे होते, आणि गेल्या काही वर्षांत पकडलेल्या आणखी नऊ बोटींचेही. समीक्षाने त्या नऊंकडे पाहिलं आणि फोटो बाजूला सारला. तिने एकच ठिपका घेतला, बापाचा. त्याच्या पश्चिमेला दोन मैल सोडून समुद्रात ठळक रेघ ओढली. बाप आता रेघेच्या अलीकडे होता. ती ढसाढसा रडली, आणि तिला फार बरं वाटलं. हेही खरंच आहे, लपवायचं कशाला?

अंजनाबाईने दुसऱ्या दिवशी फोन बाजारात नेला. तिला वाचता येत नव्हतं, पण लेकीने बोटाने दाखवलेलं तिने पक्कं ध्यानात ठेवलं होतं. "हा बग माजा घो. हीऽ हद्द. कोन कोनाच्या पान्यात व्हता?" सुगंधाने फोन बघितला, मान फिरवली आणि कोळंबी सोलत राहिली. त्या आठवड्यात अंजनाबाई नवऱ्याच्या मागे प्रथमच पोटभर जेवली.

चौथ्या दिवशी चैतन्यची चिठ्ठी आली. उगाच पाल्हाळ नाही, त्याचा तो स्वभावच नव्हता. "ताई, ही रेघ तुमची आहे म्हणून विचारतो. नाहीतर मी मागे घेतली असती. तिथं पहारा कोणाचा?"

समीक्षाचं डोकं फिरलं. तिने फोन लावला. "तुझ्या मुलुंडला समुद्र कुठंय रे? तुला काय कळतं यातलं?"

"काही नाही कळत," चैतन्य म्हणाला. "म्हणूनच विचारतोय ना. तुमच्या बाबांना तिथं पकडलं कुणी?"

तिने फोन ठेवून दिला. उत्तर तिला माहीत होतं. बापाला जिथं पलीकडच्यांनी पकडलं, तिथं पहारा पलीकडच्यांचा, याला दुसरा पुरावा कसला हवा? तिने मात्र चैतन्यला लिहिलं, की माझ्याकडे कागद आहेत, तू मध्ये पडू नकोस. गुरूनेच असं सांगितल्यावर पोरगा गप्प बसला.

शनिवारी दुपारी कृणाल घरी आला. नात्याने समीक्षाचा चुलतभाऊ, सव्वीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला. यंदा तो ओख्याला तांडेल म्हणून चालला होता आणि काकीच्या पाया पडायला आला होता. पाया पडून झाल्यावर त्याने समीक्षापुढे फोन धरला.

"ताई, तुझी लाइन उतरवून घेतली बघ. तिथं नेट नसतं ना. आमच्या जोडीच्या तिन्ही बोटींना दिली. झकास काम केलंस यार! आतापर्यंत सगळे घाबरून लांबूनच जाळी टाकायचे. आता लाइनपर्यंत बिनधास्त जाता येईल."

"कृणाल, ती रेघ…" समीक्षाने सुरुवात केली.

"तू काढलीस म्हणजे पक्की. गावातला नळ चुकला नाही तुझ्याकडून."

आई समोरच बसली होती, त्याच्यासाठी सुका जवळा बांधून देत. समीक्षाने वाक्य तसंच सोडलं आणि पुडक्याला बांधायला दोरा आणून दिला. कृणाल पुडकं घेऊन हसत गेला.

ती रात्र आणि रविवार तिने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. बापाचं नाव वाचवायला ओढलेल्या रेघेवर आता तीन बोटी जाणार होत्या, म्हणजे वीस-बावीस जीव. सोमवारी तिने रजा टाकली, ओख्याच्या वहीचं पान काढलं आणि नऊच्या नऊ ठिपके नकाशावर मांडले. दहावा बापाचा. सगळे तिच्या रेघेच्या अलीकडे पडले. पलीकडची गस्त तिथपर्यंत सर्रास येत होती. नियमाला काही संशयच उरला नाही. तिने रेघ उचलली आणि दहाही ठिपक्यांच्या पूर्वेला आणून टाकली. बाप पलीकडे गेला. या खेपेला तिला रडू आलं नाही.

तिने कृणालला फोन करून सांगितलं, जुनी पुसून नवी उतरव, तिन्ही बोटींवर, आत्ता, माझ्याशी बोलता बोलता. तो "अगं पण" म्हणाला, तर ती त्याच्यावर ओरडली. चैतन्यला एका ओळीत कळवलं, की माझं चुकलं होतं, तू बरोबर विचारलंस. मग अंजनाबाई बाजारातून यायची वाट बघत दारात बसली.

आईला तिने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. पहिली रेघ खोटी होती हेही सांगितलं. अंजनाबाई ऐकत होती. लेकीच्या अंगावर येईल, बोल लावील, असं समीक्षाला वाटलं होतं. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

"कती आत गेलता तो?" अंजनाबाईने विचारलं.

"साडेतीन मैल."

"म्हंजी कती?"

"आपल्या घरापासून अंधेरी स्टेशनच्या थोडं पुढं."

"यवढंच?" म्हातारी म्हणाली. पुन्हा म्हणाली, "यवढंच गो?" मग तिने पदर तोंडात कोंबला आणि दारातच बसून राहिली. शेजारची बाई डोकावून गेली, समीक्षाने तिला हाताने परतवलं.

"तिथं पान्यावर काय असतं? खांब? दोरी?" अंजनाबाईने विचारलं.

"काही नसतं, आई."

"मंग त्याला कसं कळावं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाबाईने लेकीचा फोन मागून घेतला. समीक्षा घाबरून मागोमाग बाजारात गेली. अंजनाबाई आपल्या जागी बसली नाही. सरळ सुगंधापुढे जाऊन उभी राहिली आणि चार बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माजा घो पलीकडं गेलता. तुज्या मानसाला त्यानीच नेला. मी खोटं बोलले. ही खरी हद्द हाय, सगल्यांनी बगून घ्या. ज्याची पोरं ओख्याला जातात, त्यांना सांगा, हिच्या अलीकडंच ऱ्हावा."

सुगंधाच्या हातातला कोयता थांबला. तिने "बस, बाय" म्हणून बाजूचा पाट सरकवला. अंजनाबाई बसली नाही. ती वळली, लेकीच्या हातात फोन ठेवला आणि त्यावर आपला मासळीचा ओला तळवा दाबून धरला.

"तुज्या बापाच्या जिवावर काढलीस ही," ती म्हणाली. "आता ही कुनाला ढकलू देव नको. मी सांगितलं, तरी नको."