दारात आलेल्याला न्हाय म्हणू नये

वर्तमानपत्राचं जिल्हा कार्यालय बंद झालं आणि मी मेहुण्याकडे कामाला लागलो. कळंबला बियाण्यांच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. जावई बायकोच्या धाकट्या भावाच्या हाताखाली राबला, तर आमच्याकडे ते बोलून दाखवलं जातं. तोही दाखवायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "दाजी, इथं संपादक मी हाय."

त्यानं एक साधन तयार केलं होतं. कोड लिहिण्याची कामं आता एआय एजंट करतात. पण मोठ्या सॉफ्टवेअरच्या ढीगभर फाइलींत काय कुठं आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. एजंटानं विचारायचं, साधनानं फाइल आणि ओळ सांगायची. ते कसं वापरायचं हे लिहून काढणं माझं काम. वाचणारा माणूस नव्हता. एजंट ते आधी वाचणार आणि वाचलं तसं वागणार. बातमीच्या वाचकाकडून एवढी अपेक्षा मी कधी केली नव्हती.

आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीला हे साधन दाखवायचं होतं. त्यांनी घेतलं तर ऑफिस चालणार, नाही तर मेहुण्याला पुन्हा पुण्यात नोकरी धरावी लागणार. हे त्यानं मला धमकी दिल्यासारखं सांगितलं.

स्वतः पडताळलं नाही ते छापायचं नाही, ही माझी सवय. कंपनीच्या कोडची चाचणीची प्रत घेऊन मी एजंटाकरवी साधनाला त्यात नसलेली गोष्ट विचारली: पावती रद्द करण्याचा कोड कुठं आहे? साधनानं पावती छापण्याची फाइल दिली. ठामपणे, ओळीसकट. एजंटानं तीच फाइल बदलली आणि पावत्या छापणंच बंद पडलं.

मेहुण्याला यात चूक दिसली नाही.

"जवळचं कायतरी दिलं की त्यानं. मोकळ्या हातानं कशाला लावून द्यायचं?"

"नसेल तर नाही म्हणावं."

"दारात आलेल्याला न्हाय म्हणत्यात व्हय दाजी? तुमच्या घरी म्हणत असतील."

हे तो गमतीनं म्हणत नव्हता. त्याचं गाव तेर. तिथं रस्ता विचारला तर ठाऊक नसलेला माणूसही हात उचलून एक दिशा दाखवतो. ठाऊक नाही म्हणणं उद्धटपणाचं समजतात. हा शिष्टाचार मेहुण्यानं कोडमध्ये उतरवला होता.

"एजंट पाहुणा नाही. तो घरात शिरून सामान हलवतो," मी म्हणालो.

"असंच चुका काढत काढत तुमचा पेपर बुडाला."

साधन दुरुस्त करायची त्याची इच्छा नव्हती. मी डॉक्युमेंटेशनमध्ये वाक्य घातलं: 'नेमकं उत्तर सापडलं नाही, तर हे साधन जवळचं उत्तर देतं आणि तसं सांगत नाही. फाइल उघडून खात्री केल्याशिवाय बदल करू नये.' त्यानं ते काढलं. मी परत घातलं. त्यानं पुन्हा काढलं आणि शेजारी शेरा मारला: 'दाजी, ही बातमी न्हाय.' तिथं प्रत्येक बदल करणाऱ्याच्या नावासकट जपला जातो, त्यामुळे हे भांडण आजही वाचता येतं.

साधन दाखवायच्या सकाळी मी वाक्य तिसऱ्यांदा घातलं आणि त्याला तसं सांगितलं.

"कोण विचारतंय तसलं?" म्हणत तो कॅमेरा सरळ करत राहिला.

पडद्यावर कंपनीच्या एक बाई होत्या. आधीचे प्रश्न सोपे होते, उत्तरं बरोबर आली. मग त्यांनी पावती रद्द कुठं होते ते विचारलं. साधनानं छापण्याची फाइल दिली. एजंटानं माझ्या वाक्याप्रमाणे ती आधी उघडली, वाचली आणि कळवलं: इथं पावती छापली जाते, रद्द करण्याचा कोड सापडला नाही.

"बरोबर. तो आमच्याकडे नाहीच," बाई म्हणाल्या. "पण मग तुमच्या साधनानं ही फाइल का दिली?"

मेहुणा माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिखाण आमच्या दाजींचं हाय. त्यांनाच विचारा."

मी ते वाक्य वाचून दाखवलं. बाईंनी आभार मानले. काम मिळालं नाही. चुकीचं उत्तर देणारं साधन आणि त्याची कबुली, दोन्ही विकत घेण्याचं कारण त्यांना दिसलं नसावं.

ऑफिस सोडण्याआधी मेहुण्यानं साधन दुरुस्त केलं. आता काही सापडलं नाही तर ते तसंच सांगतं. माझं वाक्य त्यामुळे चुकीचं झालं, म्हणून मी ते काढलं. या वेळी शेरा आला नाही.

पंचमीला बायको माहेरी गेली होती. तिला आणायला तेरला गेलो, तर दारात तोच उभा. पुण्याला न्यायची बॅग पायाशी. पाणी विचारलं नाही.

"तुझी ताई आहे का?" मी विचारलं.

"न्हाय."

"कुठं गेली?"

"म्हाईत न्हाय."

आतून तिच्या बोलण्याचा आवाज येत होता. तो दारातून हलला नाही. मी ओट्यावर बसलो.