वीतभर उचललेली गाडी

पृथ्वीवरील प्रत्येक वस्तू तिच्या योग्य जागेपेक्षा चार बोटे खाली बसवलेली आहे, असा माझ्या साडूंचा सिद्धांत आहे, आणि तो आचरणात आणण्यासाठी त्यांनी जितके आयुष्य वेचले तितके एखाद्या संन्याशाने परमार्थासाठीही वेचले नसेल. माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान अकोले तालुक्यात, राजूरच्या वरच्या अंगाला राहतात. नगरला आमच्याकडे मुक्कामाला आले की चहा येण्याआधी त्यांची नजर घरातल्या खाटा, टेबले आणि पाट यांच्या पायांवरून फिरून येई. एकदा सासूबाई आमच्याकडे असताना साडूंनी त्यांच्या खाटेखाली, सासूबाई वर बसलेल्या असतानाच, चार विटा सरकवल्या. "आई, खालून वारं खेळलं की गुडघं धरत न्हाईत," असे वर वैद्यकीय कारणही दिले. सासूबाईंचे पाय जमिनीला पुरेनात, आणि जावयाचा मान राखायचा म्हणून विटा काढा असेही त्यांना म्हणवेना. दोन दिवस त्या वरूनच आमचा संसार चालवीत होत्या. लग्नाच्या मांडवात सगळे वऱ्हाड नवरीकडे पाहत असताना हे गृहस्थ नवरदेवाच्या मोटारीखाली वाकून "पोट घासणार हिचं," असा आशीर्वाद देत. गाय विकत घेतानाही ते आधी तिच्या पोटाखालून पलीकडचा डोंगर दिसतो का ते पाहत आणि मगच दुधाची चौकशी करीत.

अशा माणसाविषयी दंतकथा पसरायच्याच. परंतु त्यांच्या पिकअप गाडीची जी हकीकत आज राजूरच्या आठवडे बाजारापासून आमच्या नातेवाइकांच्या बारशांपर्यंत सर्वत्र सांगितली जाते, ती मुळापासून चुकीची आहे, आणि ती तशीच सोडून देण्याचा माझा स्वभाव नाही. मी तीस वर्षे तंत्रशाळेत यांत्रिक रेखांकन शिकवले आहे. दुसऱ्यांच्या रेघा खोडण्यात ज्याची हयात गेली, त्याने स्वतःच्या कुळातली वाकडी रेघ का सहन करावी? लोक सांगतात की साडूंनी अडाणीपणाने, अंदाजपंचे, वाटेल तशी गाडी उंच केली आणि भर परीक्षेत फजिती करून घेतली. हे साफ खोटे आहे. गाडी अंदाजाने उंच केलेली नव्हती. तिचा नकाशा होता, आणि तो मी काढला होता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. डोंगरमाथ्यावर एक वाडी होती. पावसाळ्यात मधल्या ओढ्यातली माती वाहून जाऊन दगड उघडे पडत आणि कोणतीही गाडी वर जात नसे. चार महिने वाडीचे दूध वाया जाई, किंवा डोक्यावरून दोन कोस खाली येई आणि येईतो नासे. दूध संघाने दूध वाहणाऱ्या साडूंना सांगितले होते की, भर पावसात तुमची गाडी वर जाऊन दूध घेऊन आली, तर वाडीवर संकलन केंद्र सुरू करू. नाही आली, तर ते केंद्र दुसऱ्या गावाला देऊ. साडूंची गाडी म्हणजे कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावातली चारही चाकांना जोर असलेली जुनी पिकअप. तिचे पोट प्रत्येक दगडाला नमस्कार करी. साडू माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, हिला एक वीत वर न्यायची हाय. तुमी कागदावर न्या, मी लोखंडात नेतो."

मला असे कोणी विचारावे याची मी वीस वर्षे वाट पाहत होतो. तीन रविवार मी घरात कुणाला बोलू दिले नाही. एक्सलच्या खाली बांधलेले स्प्रिंगचे पाटे एक्सलच्या वर घेतले की किती उंची मिळते, पाट्यांच्या जुडीत दोन पाने वाढवली की किती, आणि नगरच्या भंगार बाजारातून आणलेले लष्करी टायर चढवले की किती, यांची बेरीज केली. शाफ्टचा कोन बदलतो म्हणून तो सुधारला, ब्रेकची नळी ताणली जाते म्हणून ती लांब करवली. आजही कोणी त्यात खोट काढून दाखवावी. नकाशा बाजूने, मागून आणि वरून असा तिन्ही अंगांनी होता, कोपऱ्यात माझी झोकदार सही होती, आणि उंचीचा अंदाज यावा म्हणून गाडीच्या मागे एक मनुष्याकृती उभी केली होती. पत्नी नकाशा पाहून एवढेच म्हणाली, "हा माणूस तुमच्यासारखाच ताठ उभा आहे." मी ती स्तुती समजलो.

परीक्षेच्या दिवशी संघाचे पर्यवेक्षक पुढे बसले आणि मी नकाशाची गुंडाळी व छत्री घेऊन मागे उभा राहिलो. गाडी ओढ्यात उतरली आणि ज्या दगडांवर आजवर तिचे पोट घासले होते त्यांच्यावरून, शेजारच्या भांडखोर बाईकडे न पाहता निघून जावे तशी, निघून गेली. पर्यवेक्षकांनी धरलेला दांडा सोडला. मी मनातल्या मनात तंत्रशाळेच्या सभागृहात सत्कार स्वीकारत होतो.

वाडीत भातलावणी चालू होती. पुरुष दिवस उगवायच्या आत खाचरांत गेलेले. दुधाचे कॅन घेऊन बायका उभ्या होत्या. त्यांची एक जुनी रीत होती. दोघींनी दोन्हीकडचे कान धरायचे, एका दमात कॅन कमरेपर्यंत उचलायचा आणि गाडीच्या फळीवर सरकवायचा. दोघींनी कान धरले, कॅन कमरेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. फळी त्यांच्या छातीला लागत होती. त्यांनी आणखी जोर केला, कॅन कलला, आणि बरेचसे दूध माझ्या धोतरावर आले.

"अगं बया, ही गाडी हाय का माळा?" एक जण म्हणाली.

"शिडी आना की गं," दुसरी म्हणाली, "गुरुजींनी आनली आसंल संगं."

साडू वर चढले, मी खालून रेटा दिला आणि एक कॅन चढला. पर्यवेक्षकांनी घड्याळ पाहिले. "रोज ड्रायव्हर एकटा येणार. तुमचे हे पाहुणे रोज नगरहून येणार आहेत का?"

मी नकाशा उलगडला. चूक रेषेत नव्हतीच. फळी त्या मनुष्याकृतीच्या बरोबर कमरेला लागत होती. फक्त ती आकृती सहा फुटांची होती, कारण मी सहा फुटांचा आहे. संपूर्ण गाडी मी वाडीच्या बायकांसाठी नव्हे, तर स्वतःला दूध घालता यावे अशी बेतली होती, आणि जन्मात मी कधी कॅन उचललेला नव्हता.

तेव्हा एक म्हातारी घरातून कुदळ घेऊन आली. "वर न्हेलीया ना? मग खाली बसवा. चाकापुरतं खड्डं खांदा." बाजारात सांगतात की ही युक्ती साडूंची; माझी पत्नी माहेरी सांगते की माझी. दोन्ही खोटे. युक्ती त्या म्हातारीची. जी उंची मिळवायला आम्हांला तीन महिने लागले, ती घालवायला दोन खड्डे आणि अर्धा तास पुरला. साडूंनी गाडी मागे घेतली, मागची चाके खड्ड्यांत बसली, फळी कमरेला आली आणि कॅन एकामागून एक सरकू लागले. शेवटचा चढल्यावर गाडी गुरगुरत खड्ड्यांतून वर आली. त्या लष्करी टायरांना तेवढे खड्डे म्हणजे ताटातली वाटी.

पर्यवेक्षकांनी वही काढली आणि विचारले, "हे माप कुणाचं?"

मी तिथेच होतो. घसा खाकरला होता. माझ्याआधी साडू म्हणाले, "माझं, सायेब. अडान्याचा हिशोब. वाडीला खड्डं पक्कं दगडानं बांधून देतो." आणि तंत्रशाळेचा हा ज्येष्ठ शिक्षक, ज्याने विद्यार्थ्याला सुतभर चुकीसाठी बाकावर उभे केले होते, त्याने काय केले? सहीचा कोपरा आत जाईल अशा बेताने नकाशा गुंडाळला आणि हलकेच छत्रीत सरकवला.

केंद्र मंजूर झाले. परतताना मी म्हणालो, "साडूभाऊ, ते माप माझं होतं." ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "गुरुजी, तुमच्या मापावर पोरं पास व्हत्यात. माझ्यावर कोन बसलंय पास व्हायला? ऱ्हाऊ द्या माझ्याकडं." मी राहू दिले. एक दिवस नव्हे, इतकी वर्षे. बारशांत, साखरपुड्यांत लोक त्यांच्या अडाणी मापावर हसत राहिले, तेही त्यांच्यात हसत राहिले, आणि मी, जो भाजीच्या फोडणीवरूनही वाद घालतो, त्या एका विषयावर कधी बोललो नाही.

आता माझी ऐंशी उलटली आहे. साडू माझ्याहून लहान, पण त्यांची आठवण आधी थकली. गेल्या महिन्यात मी मुद्दाम राजूरला गेलो, घरातली सगळी माणसे समोर बसवली आणि जाहीर केले की ती चूक माझी होती. साडूंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग ते हसले. "गुरुजी तसंच म्हननार. लई मोठ्या मनाचा मानूस. माप माझंच चुकलं हुतं, मला चांगलं आठवतंय." त्यांना खरोखरच तसे आठवते. मी आवाज चढवला, कागदावर गाडी काढून दाखवली, उंचीचे आकडे घातले. घरातली माणसे त्यांच्याच बाजूने होती. माझ्या मोठेपणाने त्यांचे डोळे पाणावले होते. साडूंनी माझ्या हातातला कागद घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि सुनेला म्हणाले, "गुरुजींना चहा दे. दमल्यात ते."