चाकं खाली राहिली

तौनो कांगासला हात उगारायची सवय बापाकडून आली होती. बाप लोखंडाच्या खाणीतून घरी यायचा तो कमरेचा पट्टा सोडतच. तौनो मोठा होऊन त्याच खाणीत वेल्डर झाला. तो भिंतींवर, दारांवर, दारूच्या गुत्त्यातल्या माणसांवर हात चालवायचा. बायकोला, हिल्माला, मात्र त्याने कधी बोटही लावलं नव्हतं, आणि याचा त्याला अभिमान होता. तिच्यासाठी त्याचा आवाज पुरायचा.

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तरेला तळीच तळी. तौनोने गोठ्यात अकरा हिवाळे खपून पाण्यावर आणि गवतावरही उतरणारं विमान बांधलं. सांगाडा लाकडाचा, पोट होडीसारखं, पंखांवर कापड. ते कापड फासळी-फासळीला टाके घालून हिल्माने शिवलं होतं.

अशा विमानाचा एकच जीवघेणा नियम असतो. गवतावर चाकं खाली, पाण्यावर चाकं वर. चाकं खाली ठेवून पाण्यावर टेकलात, तर पाणी चाकांना धरतं आणि विमान उलटं फेकतं. म्हणून उतरण्याआधी वैमानिक मोठ्याने म्हणतो, "पाणी आहे, चाकं वर." चाकं दिसावीत म्हणून शेजारी हिल्मा बसणार त्या बाजूला पंखाखाली एक आरसाही बसवला होता.

१९७४च्या जुलैतला शनिवार. हिल्माला पहिल्यांदाच वर न्यायचं ठरलं होतं. गवताच्या पट्टीवर तिचा भाऊ रेनो आला.

"दाजी, वल्ही घेतलीत ना?" रेनो म्हणाला. "ताईला पोहता येत नाही, म्हणून विचारतो."

"तुझं तोंड तुझ्याजवळ ठेव."

"अकरा वर्षं ती गोठ्यात सुई घेऊन बसली. निदान बुडणार नाही एवढं तरी सांगा तिला."

तौनोने गुद्दा घातला. रेनोचा पुढचा दात तुटला. रेनोनेही डोक्याने धडक दिली आणि तौनोचा ओठ फाटला. दोघे गवतात लोळले. शेवटी हिल्माने थर्मासमधली गरम कॉफी दोघांवर ओतली, तेव्हा ते सुटले.

"बस आत," तौनो हिल्मावर ओरडला. "आणि वर गेल्यावर एक शब्द बोलायचा नाही. विमान मी चालवतो."

तळं पट्टीला लागूनच, एक घिरटी घालून उतरायला तीन मिनिटं. तेवढा वेळ तौनो रक्त थुंकत रेनोच्या सात पिढ्या उद्धरत होता. चाकं वर घ्यायचा दांडा ओढायचा राहिला. उतरताना तोंडात शिव्या होत्या, म्हणून ते चार शब्दही राहिले.

पाण्याला टेकताच नाक खाली घुसलं. काच फुटून तोंडावर आली आणि आकाश पायाखाली गेलं. गार पाणी नाकात शिरलं. तौनो पट्ट्याला उलटा लोंबकळत होता. बाजूची खिडकी त्यानेच पक्की केलेली. ती फुटेपर्यंत त्याचं कोपर सोललं. हिल्माचा डावा हात चौकटीत अडकून मोडला होता. त्याने चाकूने तिचा पट्टा कापला आणि तिला बाहेर ढकललं. काठावरून होडी वल्हवत आलेल्या रेनोने तिला केसांना धरून वर ओढलं. तोंडातून रक्त गळत असताना तो तिच्या पाठीवर थापा मारत राहिला, ती पाणी ओकेपर्यंत.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी हिल्मा बोलली.

"चाकं खाली होती. आरशात दिसत होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बोलू नको म्हणालास."

"अगं, पण जीव जात होता."

"हो," हिल्मा म्हणाली. "मला वाटलं, तू आणखी ओरडशील."

तौनो घरी आला. रेनोने ट्रॅक्टरने विमान काठावर ओढून ठेवलं होतं. तौनोने कुऱ्हाड घेतली आणि विमानाचं पोट फोडायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी दुपारी रेनोची गाडी आली. गळ्यात हात बांधलेली हिल्मा उतरली आणि चालत काठावर आली. तिने तौनोच्या कानाखाली अशी वाजवली की त्याची टोपी पाण्यात पडली.

"कुणाला विचारून तोडतोस?"

"तुझ्याचसाठी तोडतोय."

"माझ्यासाठी काय करायचं ते मला विचारायचं. पंख माझे आहेत. एकेक टाका माझा आहे."

"ताई, हात बघ तुझा," रेनो म्हणाला.

"तू गाडीत बस."

तिने तौनोकडे उजवा हात पुढे केला. त्याने कुऱ्हाड दिली. एका हाताने घाव नीट बसेना. कापड फाटायचं, लाकूड तुटायचं नाही. तरी ती थांबली नाही. तौनो दोनदा पुढे सरकला आणि दोन्ही वेळा तिने नुसतं पाहिलं. मग तो ओल्या दगडावर बसला. दोन्ही पंख संपायला संध्याकाळ झाली, आणि तोवर त्याला कुणी बोलावलं नाही.