साक्षीदाराजवळ बसायला कोड नाही

पक्षकार कंपनीनं आमच्या वकिलांच्या ऑफिसला बिलात टाकायच्या कोडांचा तक्ता पाठवला, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. मसुद्याला कोड, फोनला कोड, झेरॉक्सलासुद्धा. कोड नसेल तर बिल परत. ते भरायचं काम माझ्याकडं. नववीत शाळा सुटली, घर पार गोंदियाकडं. ऑफिसातल्या वकील मॅडमनी शेजारी बसवून कॉम्प्युटर शिकवला म्हणून या शहरात माझी चूल पेटते. ते मी विसरत नाही. काढून टाकतील ही धास्तीही विसरत नाही.

त्या कंपनीनं एका ठेकेदारावर लावलेल्या दाव्यात बिडकीनचे एक चाचा साक्षीदार होते, गेटवरचे जुने वॉचमन. माल आत आलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. ठेकेदारानं कोर्टात लिहून दिलं, माल आला; पुढं वॉचमननंच विकला असेल. तेव्हापासून चाचा कोर्टाच्या नावानं थरथरायचे. साक्ष नाही दिली तर मोहल्ला चोर म्हणणार, अन् द्यायची हिंमत होईना. म्हणून प्रत्येक तारखेला मी जवळ बसायची. काय बोलायचं ते नाही सांगायची. उभं कुठं राहायचं, पाणी कुणाकडं मागायचं, एवढंच.

माझ्या त्या बसण्याचे तास लावलेलं बिल परत आलं. शेरा : कारकुनी काम, नामंजूर. ऑफिसचे मोठे साहेब म्हणाले, ज्याला कोड नाही त्यात वेळ घालवायचा नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी चाचांचा फोन आला. "तुम नै आते तो मैं बी नै आता, बेटी."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ऑफिसच्याच कामासाठी स्वतःची रजा! लई संताप आला, तरी गेले. पुकारा होईपर्यंत चाचांजवळ बसले. आमचे ज्युनिअर वकील पलीकडं मोबाइल बघत होते. मग चाचा आत गेले आणि सरळ उभं राहून बोलले, माल आया नै, मैं उधरिच था. बाहेर आले ते ताठ मानेनं.

दुसऱ्या दिवशी बिलाच्या नोंदी माझ्यासमोर आल्या. साक्षीदाराची तयारी, पूर्ण सकाळ, ज्युनिअरच्या नावावर. कोड बरोबर होता. मी उठून मॅडमकडं गेले.

"मॅडम, तिथं मी बसले होते."

"माहीत आहे गं. पण कंपनीकडं तुझ्या नावाला तासाचा दरच नाही." मॅडम मायेनं बोलल्या, त्याचा मला जास्त राग आला. "तुझी रजा तेवढी मी रद्द करते."

"नको," मी म्हटलं. "ती सकाळ माझ्याच रजेत, माझ्या नावावर राहू द्या."

बोलून गेले आणि नोकरीची धास्ती परत आठवली. मॅडमनी रजा तशीच ठेवली. मी जागेवर येऊन ज्युनिअरची नोंद भरली.