होऊ घातलेल्या विहीणबाईंसोबत वसईचा किल्ला

लेकीनं, मुक्तानं, वसईजवळच्या नंदाखाल गावातल्या ख्रिस्ती जोएलशी लग्न ठरवल्याचं सांगितलं, तेव्हा आमच्या विरारच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. आम्ही मूळचे साताऱ्याचे. "पोर्तुगीजांच्या घरात?" एवढंच हे म्हणाले. मग जोएलच्या आईचा, मर्सीताईंचा फोन आला. "वसईचा किल्ला बघितलाय का? चला, दाखवते." हे आले नाहीत. मी निघाले.

वसई रोड स्टेशनला पश्चिमेकडे उतरा. तिथून किल्ल्यापर्यंत बस मिळते, रिक्षाही. आम्हाला तिकीट काढावं लागलं नाही. पाणी मात्र जवळ ठेवा, किल्ला अफाट आहे.

मर्सीताई निवृत्त नर्स, भराभर चालतात. छप्पर उडालेल्या एका चर्चमध्ये त्यांनी चपला काढल्या, क्रूसाची खूण केली. फरशीत थडग्यांचे दगड होते, पोर्तुगीज अक्षरं झिजत आलेली.

"हे तुमचे पूर्वज?"

"छे हो! हे इथले मालक. आमची मानसं यांचे दगड वाहत असतील."

"आणि मराठ्यांनी किल्ला घेतला तेव्हा?"

"तेव्हाही शेतातच असतील." त्या हसल्या, मग थांबल्या. "शाळेत जोएलला पोरं फिरंगी म्हनायची. घरी येऊन विचारायचा, आई, आपन कुठून आलो? मी सांगायची, नंदाखालहून."

आमच्या घरात उच्चारलेला शब्द आठवून मी मान खाली घातली.

रिक्षानं नंदाखालला गेलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, गार वारा. जेवायला तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण. जेवता जेवता मी विचारूनच टाकलं, "मुक्ताला नाव बदलावं लागेल? धर्म?"

मर्सीताईंनी वाढता वाढता पळी खाली ठेवली. "ताई, पोर्तुगीजांच्या काळात आमच्या लोकांची नावं बदलली, धर्मही, तेव्हा त्यांना कुनी विचारलं होतं का, आम्हाला ठाऊक नाही. आधीचं आडनाव काय होतं, तेही घरात कुनाला माहीत नाही. तुमच्या मुलीचं मी काही कशाला पुसून टाकू? ती मुक्ताच राहील."

मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ताटात आणखी कालवण वाढलं.

घरी पोचले तर हे दारातच. "कसा आहे किल्ला?"

बुरूज, तट, सगळं सांगता आलं असतं. मी मर्सीताईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. हे दारातून आत वळले. मग मुक्ताला हाक मारून म्हणाले, "जोएलच्या आईबाबांना विचार, रविवारी आपल्याकडे जेवायला येतील का."