मध्यंतरापर्यंत चांगला सिनेमा

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या आधी मुलामुलीला एक सिनेमा दाखवायचा, ही नव्वदीतली आमच्याकडची रीत. दोघांच्या मध्ये मुलाकडची एक बाई बसायची. सिनेमा प्रेमाचा आणि हसवणारा असावा, म्हणजे पोरांची भीड चेपते, असं मोठ्यांना वाटायचं. बाहेर आल्यावर कोणी 'कसा वाटला?' विचारलं की मुलीने 'छान' म्हणायचं. आमच्या अल्लीपूरच्या स्टँडवर वर्ध्याच्या बसमध्ये चढताना आईने मला बजावलं, "जास्त बोलू नको तिथं. छान होता म्हणजो, बस्स."

मी मान हलवली. मुलगा मला आवडला होता, खोटं कशाला सांगू! वर्ध्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, तिथेच लागून बोरगाव मेघेला नवं घर होतं आणि हसला की त्याच्या गालाला खळी पडायची.

सिनेमातल्या हिरॉईनचं ग्रीटिंग कार्डांचं दुकान निघालं आणि मी सरसावून बसले. आमचं गावात बांगड्या-रिबिनींचं जनरल स्टोअर. वडिलांचे गुडघे गेल्यापासून ते मीच चालवत होते, हिंगणघाटहून माल आणण्यासकट. पडद्यावर हिरो रोज एक कार्ड घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत करायला यायचा. एकदा त्याने आत पेनाने लिहिलेलं कार्ड परत आणलं. तेव्हा ती त्याच्याशी जी भांडली, त्याला तोड नाही. तोंडाने त्याला झापत होती आणि डोळा दुसऱ्या गिऱ्हाइकावर होता. बांगडी चढवताना तडकवून 'मावत नाई' म्हणत परत ठेवणाऱ्या बायांशी मी तशीच भांडते. मी इतकी हसले की मध्ये बसलेल्या त्याच्या आत्याने मला कोपर मारलं.

मध्यंतर झालं. आम्ही शेंगदाणे खाल्ले. त्यानंतर पडद्यावर त्या दोघांचं जमलं आणि दुकान गायब झालं. ती बर्फात नाचली, त्याच्या आईच्या पाया पडली, रुसली, समजूत काढून घेतली. दुकानाचं साधं कुलूपसुद्धा कोणी दाखवलं नाही. बरं, सिनेमात नाताळ जवळ आलेला. ग्रीटिंगचा ऐन सीझन आणि ही बाई बर्फात! माझं हसू तिथेच आटलं.

सिनेमा सुटल्यावर आम्ही तिघं हॉटेलात आलूबोंडे खायला बसलो. त्याने विचारलं, "कसा वाटला पिक्चर तुम्हाले?"

"अर्धा चांगला होता."

"अर्धा?"

मग मी आईला दिलेला शब्द आलूबोंड्याबरोबर गिळला. सांगितलं, की भांडणं झकास होती, तिचा बहिरा काका तर फारच झकास, दोन गाणी कमी चालली असती. पण मध्यंतरानंतर दुकान कोण पाहत होतं?

तो मोकळेपणाने हसला. "पिक्चर आहे हो तो. आन् लग्न जमल्यावर दुकान कशाले पाहिजे तिले?"

"पाहिजे का नाई, हे तिले कोणी विचारलं?"

तो अजून हसतच होता. त्या खळीचा मला पहिल्यांदाच राग आला. माझ्या लग्नानंतर आमचं दुकान भाड्याने द्यायचं घरी ठरलं होतं आणि मलाही कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "लग्न झाल्यावर मी माहं दुकान चालवीन. रोज बसने जाईन-येईन. चालते का?"

त्याने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "आमच्या घरच्या सुना गल्ल्यावर बसत नाईत, बाई."

"मंग साक्षगंध नका करू," मी म्हटलं आणि उरलेला आलूबोंडा संपवला.

आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पिक्चर पाहून पोरीने लग्न मोडलं, असं गावभर झालं. म्हणा! बांगड्या घ्यायला बाया माझ्याकडेच यायच्या आणि तोंड वर करून विचारायच्या, "काऊन मोडलं वो?" मी त्यांना अख्खी स्टोरी सांगायची, बर्फासकट. ज्या लग्नाआधी माहेरी काही ना काही कामधंदा करायच्या, त्या ऐकून जास्तीच्या डझनभर बांगड्या घेऊन जायच्या.

आता मला नवरा मिळालाच नाही, अशी तुमची समजूत होईल, तर तसं नाही. मिळाला. हिंगणघाटला नोकरी करतो, राहतो अल्लीपूरला, रोज जा-ये तोच करतो. मागे आमच्याकडे केबल आलं तेव्हापासून तो सिनेमा कधीकधी रविवारी दुपारी लागतो. आम्ही दोघं मिळून पाहतो, भांडणाला पोट धरून हसतो. मध्यंतर झालं की तो रुमाल घेऊन पुढे सरकून बसतो, कारण बर्फातल्या भागात त्याला दरवेळी रडू येतं. मी उठते आणि दुकानाचं शटर वर करते.