राखणदाराचा गूळ

मी दुपारी झोपत नाही. बायको म्हणते, पोलिसातली सवय. मुलं म्हणतात, बाबांना उकाडा सोसत नाही. मी सगळ्यांना हो म्हणतो. खरं कारण त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही — आईलाही मी ते कळू दिलं नाही, देवापुढेही बोललो नाही. देवापुढे तर उलटंच बोललो, पण ते पुढे येईल. तुम्ही ना माझ्या गावचे, ना नात्यातले. तुमच्यापाशी बोलता येईल असं वाटतं. बघू.

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि आमचं मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं, तेव्हाची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा होतो. तालुक्यात माझ्यासारखा धावणारा नाही असं लोक म्हणायचे — आणि लोकांपेक्षा मीच जास्त म्हणायचो. पोलिसात भरती व्हायचं ठरलं होतं. मग एका सकाळी होडी किनाऱ्यावर ओढून घेताना ती कलंडली आणि माझा उजवा पाय खाली सापडला. वैद्याने हाड बसवलं, ते थोडं वाकडंच बसलं. दोन वर्षं मी काठीवर होतो. घरी कोणीही आलं की वडील सांगायचे, "तेचो पाय गेलो आता." माझ्यादेखत. मी भिंतीकडे बघत बसायचो.

पण पाय गेला नव्हता. एक दिवस काठी न टेकता मी व्हाळ, म्हणजे गावचा ओढा, ओलांडला आणि पलीकडच्या काठावर बसून रडलो. घरी मात्र काठी टेकतच आलो. का? पुन्हा धावायला लागलो आणि पुन्हा पडलो तर — ती सगळी कीव परत कोण सोसणार? एकदम भरतीलाच जाऊन उभं राहायचं, असं मी ठरवलं. तोवर कोणाला पत्ता लागू द्यायचा नव्हता.

म्हणून दुपार निवडली. आमच्याकडे भर दुपारी किनाऱ्यावर कोणी जात नाही. सकाळी जाळं ओढून झालेलं असतं, माणसं जेवून आडवी झालेली असतात. शिवाय बाराची वेळ माणसांची नव्हेच, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी उंडलीच्या झाडाखाली काठी लपवायचो, व्हाळाच्या पाण्यातून चालत समुद्रापर्यंत जायचो आणि ओल्या वाळूवरून धावायचो. डावा पाय धाप, उजवा टप. पांढरं ऊन, पायाखाली गोळा झालेली सावली, आणि एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर तेवढाच आवाज. पहिले काही दिवस मलाच त्याची भीती वाटली.

किनाऱ्याच्या त्या टोकाला भागीकाकीची झोपडी होती. काकी सुकी मासळी विकायची. नवरा होडीसकट गेला तो परतला नव्हता, म्हणून समुद्राकडे दार करूनच ती राहायची. दाराबाहेर घागर आणि वर उपडी करवंटी. धावून घसा कोरडा पडायचा, मी गुपचूप पाणी पिऊन निघायचो. आत काकीचा खोकला चालू असायचा. मी आलो की तो थांबायचा. दार कधी उघडलं नाही. दुपारी बाराला आलेल्याला दार कोण उघडेल?

मग तिने बाजारात सांगितलं, "दोनपारा कोणतरी येता, पाणी पिता नि जाता." लोक पावलं बघायला आले. डावं पूर्ण उमटलेलं, उजव्याचा नुसता चवडा. आणि ढांग केवढी! आमच्याकडे कारणाशिवाय कोणी धावत नाही, त्यामुळे हा धावणारा माणूस असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पावलं पाण्यातून येत होती, पाण्यात जात होती. एक म्हातारा हळूच म्हणाला, "राखणदार तो. तेचो एकच पाय भुईक टेकता." राखणदार म्हणजे गावची शीव सांभाळणारा, न दिसणारा. त्याच्या वाटेवर घर बांधत नाहीत. सगळ्यांनी हात जोडले. मीही तिथेच होतो, काठीवर रेलून. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

इथेच थांबता आलं असतं, नाही का? दुसऱ्या दुपारी मी पुन्हा गेलो. मुद्दाम लांब ढांगा टाकल्या, मुद्दाम दारापर्यंत पावलं उमटवली. दोन वर्षं ज्यांनी माझी कीव केली, तीच माणसं आता माझ्या पावलांना घाबरत होती — आणि मला ते आवडलं. फार आवडलं. घागरीशेजारी त्या दिवशी फणसाच्या पानावर गुळाचा खडा ठेवलेला होता. तो कोणासाठी ठेवलाय ते मला कळलं होतं. मी तो खाल्ला. मग रोज गूळ असायचा, आणि रोज मी खायचो.

गूळ घेतला म्हणजे राखणदारच, यात कोणाला शंका उरली नाही. झोपडी त्याच्या वाटेवर आहे की नाही, एवढंच विचारायचं राहिलं. देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर दोन बाजूंना पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं — "ही वाट तुझ्या राखणदाराची असात, तर उजवो कौल दी म्हाराजा." सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. चांगलं मोठ्याने म्हणालो. उजवी पाकळी पडली.

आठवड्याभरात झोपडी उतरवली. काकीला तिच्या भावाकडे, पिंगुळीच्या पलीकडे पाठवायचं ठरलं. तिने भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, "दर्यो दिसता काय थंयसून?" मला ठाऊक होतं, तिथून डोंगर दिसतो.

त्यानंतर मी एकदाच त्या बाजूला धावलो. झोपडीच्या जागी सपाट वाळू होती आणि उपडी पडलेली करवंटी. ती ओलांडली आणि मागून आवाज आला — धाप, टप. माझाच आवाज भिंतीवरून परत येत असेल म्हणावं, तर उघड्या किनाऱ्यावर भिंत कुठली? मी थांबलो. मागचं पाऊल आणखी एकदा पडलं, मग थांबलं. मी वळून पाहिलं नाही. व्हाळापर्यंत चालत आलो आणि काठी घेऊन घरी गेलो.

भरतीत मी निवडला गेलो. गाव म्हणालं, राखणदाराची कृपा. मी नारळ दिला. मागचा तो आवाज मला पुढे बरा उपयोगी पडला — राखणदार खराच होता, कौल खराच होता, मी मध्ये कोण? असं म्हणत मी काही वर्षं ढकलली.

मग पिंगुळीकडच्या एका जत्रेत बंदोबस्ताला गेलो असताना भागीकाकी भेटली. वाळली होती. तिनेच मला ओळखलं. माझ्या पायाकडे बघत राहिली आणि हसली.

"धावतंस मां आता, झिला?" लेकाला विचारावं तशी म्हणाली. "मी गूळ ठेवी होतंय, तो कित्याक ठाव आसा? घरासाठी नाय. ह्या आमच्या झिलाचो पाय बरो कर, इतक्याच मागी होतंय. घर गेला तर गेला. आयकल्यान ना तेणा?"

"व्हय काकी," मी म्हणालो.

तिला समाधान मिळावं म्हणून मी खरं लपवलं असं समजू नका. अंगावर खाकी होती, आजूबाजूला माणसं होती, आणि मला माझी अब्रू सांभाळायची होती. पुढच्या पावसाळ्यात ती त्या डोंगराच्या पायथ्याशीच वारली.

अजून दुपार झाली की अंगणात ऐकू येतं, धाप, टप, आणि दाराशी थांबतं. मी जागा असतो. तो राखणदार असेलही. कौलही खरा असेल. पण तिने माझ्यासाठी ठेवलेला गूळ मी खाल्ला, आणि त्यानेच तिचं घर मोडलं.